पट्टीखालची खूण

९ मार्च १८५२

जोथम जिवंत आहे! जिवंत आहे! शाई सांडली. सांडू दे.

नीट लिहिते. धुण्याचा टब फुटला म्हणून सकाळी पीलेगच्या पिंपांच्या कारखान्यात गेले होते. काकवीची रिकामी पिंपं तिथे पडलेली असतात. एखादं मधोमध कापून घेतलं की माझे दोन टब होतात. म्हाताऱ्या पीलेगनी स्वतःच हातोडी घेतली आणि एकाची खालची पट्टी ठोकून उतरवली. पट्टीच्या खाली लाकडावर तीन तिरक्या रेघा — आणि त्यांच्यावरून एक आडवी.

ती जोथमची खूण आहे. माझ्या नवऱ्याची. केलेल्या प्रत्येक पिंपावर घालायचा, पट्टीखाली, कुणाला दिसू नये अशी. "मालक वरून आपलं नाव डागतो, मी आतून माझं घालतो," म्हणायचा. माझ्या स्वयंपाकघरातल्या बादलीवरही आहे.

पीलेगकडे त्याने बारा वर्षं काम केलेलं. त्यांनीही ओळखली. मग फळीवरून बोट फिरवून म्हणाले, "केझाया, हे लाकूड दोन वर्षांहून जुनं नाही."

दोन वर्षं! तो जाऊन आठ झाली. बाल्टिमोरला दोन महिन्यांचं काम आहे म्हणून गेला तो गेलाच. जन्माने स्वतंत्र, बाप स्वतंत्र, खिशात तसा शिक्क्याचा कागद. तिकडे कागद कोण बघतो? काळा माणूस दिसला की पकडला, विकला. वर्षभराने शेजारची फीबीमावशी म्हणाली होती, आता काळे कपडे शिवून घे. मी नाही शिवले. बरं झालं ना मावशी!

१० मार्च

पिंपाच्या तोंडावर मळ्याचं नाव डागलेलं आहे. लुइझियानातला उसाचा मळा. म्हणजे माझा नवरा तिथे पिंपं करतोय आणि त्यातली काकवी आम्ही इथे न्यू बेडफर्डला पावाला लावून खातोय. आज पाव कोरडाच खाल्ला.

११ मार्च

पीलेगनी ती फळी मला देऊन टाकली. घरी आणून बादलीशेजारी ठेवली. बादलीवरच्या रेघा उजवीकडे झुकलेल्या, फळीवरच्या डावीकडे. असेना! हात दुखावला असेल. लाकूड तासायचं परक्याचं वाकस हातात धरून काम करायचं म्हणजे काय गंमत आहे? डॉरकसला दोन्ही दाखवल्या. बाप गेला तेव्हा पाच वर्षांची होती पोर. फळीवर गाल ठेवून बसली.

१९ मार्च

पीलेगनी बोलावलेले बॉस्टनचे वकील आले. क्रॉस्बी नाव. तरुण आहेत, पण बोलणं सरळ. म्हणाले, तिकडच्या कोर्टात काळ्या माणसाच्या साक्षीला किंमत नाही, बायकोच्याही नाही. गोऱ्याचीच हवी. पीलेग लगेच तयार. पण शपथ घ्या म्हटल्यावर बिनसलं! पीलेग क्वेकर पंथाचे, ते शपथ घेत नाहीत. "शपथेवर खरं बोलायचं, म्हणजे एरवी मी खोटं बोलतो का?" वकिलांनी समजावून समजावून डोकं धरलं. शेवटी 'मी खरं सांगतो' एवढंच लिहिलं. खरंच, हा माणूस जन्मात खोटं बोललेला नाही. माझी इस्त्री बिघडली तर तोंडावर सांगतो.

मग अंगावरच्या खुणा विचारल्या. मी सांगितलं, उंच, खांद्याने रुंद, डाव्या अंगठ्यावर वाकसाचा वण. पीलेगनी आपला अंगठा पुढे केला. त्यांच्याही तिथेच वण. "हा धंदा केलेल्या कुणाच्या हातावर नाही? लिहून घ्या, पण यावर विसंबलात तर मलाच उचलून आणाल."

हसले मी. आठ वर्षांत इतकी हसले नव्हते.

२ एप्रिल

वकील गव्हर्नरचं पत्र घेऊन दक्षिणेला निघाले. कप्तानाचा सदरा जाळला. दुसऱ्याच्या बटणांचा भुगा केला. माझ्याकडे धुणं टाकणाऱ्यांचं सध्या काही खरं नाही.

३ एप्रिल

वाट बघतेय.

२० एप्रिल

वाट बघतेय. फीबीमावशी रोज येते आणि काही विचारत नाही. विचारलं तरी चालेल, मावशी!

६ मे

सापडला! पत्र आलं! डॉरकसने मोठ्याने वाचलं, मी वाचलं, मग मावशीला दोनदा वाचून दाखवलं.

तिथे त्याला टॉम म्हणतात. वकिलांनी पिंपांच्या छपरात जाऊन विचारलं, जोथम कोण? लिहिलंय, त्या माणसाने हातातलं काम खाली ठेवलं, मग म्हणाला, "मी." खात्री करायला वकिलांनी घरचं एकेक विचारलं. सगळं बरोबर सांगितलं! दाराचा निळा रंग. बायको केझाया, धुणं करते, चिडली की गाते. मुलगी डॉरकस. जिन्याची तिसरी पायरी कुजलेली आहे, दुरुस्त करायची राहिली!

तिसरी पायरी! दर रविवारी म्हणायचा, आज करतो. अजून तशीच आहे. मी कुणाला हात लावू दिला नाही.

कोर्टाने सोडलंय, पण मळेवाला अडून बसला. त्याचा माणूस जहाजावर सोबत येणार. धक्क्यावर बायकोने ओळखलं तर ठीक, नाही ओळखलं तर परत घेऊन जाणार. पळालेले गुलाम परत न्यायच्या हल्लीच्या कायद्याने त्याला कुणी अडवायचं नाही.

वाचून मी हसतच सुटले. मी ओळखणार नाही? आंधळी झाले तरी पावलांवरून ओळखेन.

७ मे

डॉरकस विचारते, मी बाबांना आवडेन का. वेडी कुठली.

१५ मे

भिंती धुतल्या. त्याचा निळा कोट काढून उन्हात टाकला. कसर लागलीय बाहीला, रफू केलं. पीलेग म्हणाले, त्याचं बाक मी रिकामं करून ठेवलंय, पहिल्या दिवसापासून कामाला यायला सांग. लगेच म्हणाले, नको, दुसऱ्या दिवसापासून.

२२ मे

उद्या! जहाज न्यूपोर्टला लागल्याची खबर आलीय. सगळी गल्ली धक्क्यावर येणार आहे. मावशीने चर्चला घालायची टोपी पेटीतून काढली. मी वाटाणे आणि खारं डुकराचं मांस शिजवणार, त्याला आवडतं तसं, घट्ट. काय बोलायचं ते ठरवत होते आणि सगळं विसरले. पहिलं वाक्य एकच, जिना कधी करतोस?

२३ मे

तो जोथम नव्हता.

पहिल्या पावलालाच कळलं. वकील पुढे, मळेवाल्याचा माणूस मागे, माझ्या तोंडाकडे टक लावून. मी धावले. त्या परक्या माणसाच्या गळ्यात पडले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "जोथम!"

तो माझ्या कानाशी बोलला. "जोथम तीन वर्षांपूर्वी तापात गेला. घरचं सगळं मला शिकवून गेला, खूणसुद्धा. म्हणाला, माझं नाव घेऊन कुणी आलंच तर तू ओ दे. मी सायलस. मीही स्वतंत्रच होतो."

वकिलांनी पीलेगना विचारलं. पीलेगनी त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "तोच आहे."

फीबीमावशीने पुढे होऊन त्याच्या गालावरून हात फिरवला. "किती वाळलास रे, जोथम."

घरी आलो. जिन्याची तिसरी पायरी त्याने खाली न बघता ओलांडली.