बंद लेयरमधली खाट

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

नोकरी लागली! बोरिवलीत, आर्किटेक्टच्या ऑफिसात. खिडकीजवळचं टेबल, दोन मॉनिटर, तीनदा चहा. नवऱ्याला, ग्लेनरॉयला, जहाजावर मेसेज टाकला, तुझी सेलिना कामाला लागली. दीड वर्षात त्याला कळवलेली ही पहिली चांगली बातमी.

जुन्या इमारतींच्या नकाशांच्या पीडीएफ साफ करायच्या, एवढंच काम. शेजारच्या प्रांजलने सगळं शिकवलं, झकास पोरगी आहे. एका नकाशात बरेच लेयर असतात, काचा एकावर एक ठेवल्यासारखे. भिंती, पाइप, वायरिंग. डोळ्याच्या चिन्हावर क्लिक केलं की लेयर दिसतो, पुन्हा केलं की लपतो. फाइलच्या पोटात दुसऱ्या फाइलीही ठेवता येतात, फोटो, आवाज, काहीही. तपासून झालं की फ्लॅटन करायचं. मग एकच चित्र उरतं, लपलेलं सगळं कायमचं जातं.

४ फेब्रुवारी

आज आमच्या दहिसरचं एक बंद पडलेलं हॉस्पिटल आलं. पाडून टॉवर होणार आहे. नाव वाचलं आणि हात थांबला.

माझी विनी तिथेच गेली. सात वर्षांची. डेंग्यू.

सरांना सांगून फाइल बदलून घेता आली असती. नाही सांगितलं. तिसऱ्या मजल्यावरचा मुलांचा वॉर्ड मोठा करून बघत बसले.

५ फेब्रुवारी

एक बिननावाचा लेयर सापडला. बंद होता. सुरू केला तर वॉर्डात खिडकीपाशी एकच खाट. तिच्यावर अटॅचमेंटचं चिन्ह, आवाजाची फाइल. तारीख ९ ऑगस्ट २०२३. विनीचा शेवटचा दिवस. पण फाइलच्या नोंदीत या नकाशातला शेवटचा बदल २०१४चा आहे. तेव्हा ती जन्मलीही नव्हती.

हेडफोन लावले. पंख्याची घरघर. मग ती.

"मम्मा कुठंय?"

६ फेब्रुवारी

कुणाला कधी सांगितलं नाही, इथे लिहिते. त्या दिवशी मी घरी गेले होते. तीन रात्री जागले होते. सिस्टर म्हणाली, ताप उतरलाय, आंघोळ करून या. आंघोळ केली. मग केस वाळवत बसले. केस वाळवत बसले मी. परत आले तेव्हा चादर तोंडावर ओढलेली होती.

आज खाटेवर दुसरी अटॅचमेंट. विनी अकरा वेळा मम्मा म्हणते. सिस्टर म्हणते, येतेय हां बाळा.

७ फेब्रुवारी

तिसरी फाइल. दार वाजतं. बाईचा आवाज, "आले गं, विनू. चल, जाऊया."

विनी हसते. नंतर फक्त पंखा.

आवाज माझा आहे. विनू मीच म्हणायचे, दुसरं कुणी नाही. आणि मी तर घरी होते.

प्रांजलला ऐकवलं. ती पटकन म्हणाली, "ताई, तुमचाच आवाज आहे की!" मग माझं तोंड बघून तिनं हेडफोन काढून ठेवले.

माझ्या आवाजात तिला कोण घेऊन गेलं?

१० फेब्रुवारी, सोमवार

सर म्हणाले, पाचपर्यंत फ्लॅटन करून पाठवा. प्रांजल म्हणाली, ताई, डिलीट करा, हात जोडते. जेवायला गेली ती परत आलीच नाही.

नकाशातली खाट आता खिडकीपाशी नाही. सकाळी दारात होती, आता जिन्यात.

चौथी फाइल. आजची तारीख.

"मम्मा, ती बाई तू नव्हतीस ना?"

सव्वाचार

पुन्हा ऐकलं. पुन्हा. म्हणते, इथं आवडत नाही. म्हणते, ये ना.

फ्लॅटन केलं तर ती जाईल. दुसऱ्यांदा. माझ्या हातानं –

साडेचार

ज्याला माझा आवाज काढता आला, त्याला विनीचा येणार नाही? कळतंय मला. वेडी नाही मी. पण तीच असली तर –

पाचला दहा कमी

हेडफोन टेबलावर आहेत. वायरसुद्धा काढलीय. आवाज बाहेरून येतोय. ऑफिसच्या जिन्यातून. सर कॅबिनमध्ये आहेत, त्यांना ऐकू येत नाही.

काहीतरी ओढत आणल्यासारखं – लोखंडी चाकं – थांबलं. दाराशी.

उघडते. ती असो, नसो. मम्मा म्हणतेय ना, मग मी कशी ना –