बारा बाय पंधराची घोडी

२ मार्च १९८७, सोमवार

आजपासून रोजनिशी. उद्या कुणी विचारलं की उत्तरेश्वरराव, तुमची कला घडली कशी, तर हाताशी काही लिखित असावं. वही स्टुडिओतलीच. पहिली चार पानं पासपोर्ट फोटोच्या ऑर्डरींची होती, फाडली.

बातमी मोठी आहे. दूध संघाने रौप्यमहोत्सवानिमित्त फोटो स्पर्धा ठेवली. 'जनावरांची व्यक्तिचित्रे'. विभाग दोनच: घोडा आणि कुत्रा. गायी-म्हशी का नाहीत, असं त्रिंबकला विचारलं. त्रिंबक संघात सेक्रेटरी आणि माझा मेहुणा. म्हणाला, "दाजी, यंदा म्हशीचे फोटो मागितले तर लोक म्हणतील संघ चेष्टा करतोय." बरोबर आहे. यंदा म्हशींची हाडं मोजता येतात.

पहिल्या नंबराचा फोटो पुढच्या वर्षी संघाच्या कॅलेंडरवर. म्हणजे गावोगाव, घरोघर, खिळ्याला मी.

नियमांचं पत्रक दोन पानी आहे. मुख्य ते वाचलं.

४ मार्च, बुधवार

बायकोला, सत्यभामेला, सांगितलं. म्हणाली, "लग्नं न्हाईत, टँकर तीन दिसाला येतो, आन तुमी कुत्र्याचे फोटो काडनार?"

दुष्काळामुळे लग्नं पुढे गेली हे खरं. मांजरसुंब्याच्या चौकात स्टुडिओ असूनही पंधरा दिवसांत एकच गिऱ्हाईक, तेही सुटे मागायला आलेलं. त्रिंबकचं म्हणणं, लिंबागणेशच्या दूध संकलन केंद्रावर क्लार्कची जागा आहे, १ मेपर्यंत माझ्यासाठी धरून ठेवतो. मी ताठ मानेने सांगितलं, पहिला नंबर नाही आला तर १ मेला हजर होईन.

दोघं बहीणभाऊ एकदम "ठरलं" म्हणाले. इतक्या घाईची गरज नव्हती.

७ मार्च, शनिवार

घोडा विभाग पक्का. लिंबागणेशच्या दूध संस्थेचे चेअरमन सुंदरराव यांची पांढरी घोडी, बिजली. साहेब लगेच तयार झाले. अट एकच, घोडीवर ते स्वतः बसणार. मी स्पष्ट सांगितलं की व्यक्तिचित्र घोडीचं आहे, आपलं नाही. (मनात. तोंडाने "तर काय" म्हणालो.)

१२ मार्च, गुरुवार

पहिलं शूटिंग. मासिकात वाचलं होतं, घोड्याच्या अंगावर चमक पाहिजे. घोडीला खोबरेल लावलं. बाटली सत्यभामेची होती, पण अर्धीच होती.

घोडी आरशासारखी झळकली. मी याशिका कॅमेऱ्यात डोकं घातलं, आणि माळावरून वावटळ आली. गेली तेव्हा समोर विटकरी घोडी उभी. तेवढ्यात सुंदरराव फेटा बांधून घरातून बाहेर आले, दोन मिनिटं बघत राहिले आणि म्हणाले, "उत्तरेश्वर, माझी घोडी कुटंय बे?"

१३ मार्च, शुक्रवार

घोडी धुवायला अकरा बादल्या लागल्या. सुंदररावांच्या विहिरीला अजून पाणी आहे, हे त्यांनी गावात फारसं बोलून दाखवलं नव्हतं. पाचव्या बादलीला छबुबाई घागर घेऊन विहिरीवर येऊन उभी राहिली. दोन म्हशींची मालकीण, आवाज तिसऱ्या गल्लीत पोचणारा. "घोडीला आंगूळ! आन आमी चार दिस तोंड धुतलं न्हाई!"

दहाव्या बादलीपर्यंत चाळीस बायका जमल्या. चेअरमन म्हणून सुंदररावांना तिथेच जाहीर करावं लागलं, विहीर रोज दोन तास सगळ्यांना खुली.

विचार केला तर गावाला पाणी माझ्या खोबरेलामुळे मिळालं. कुणी उल्लेख करत नाही. सुंदरराव तर मुळीच नाही.

१८ मार्च, बुधवार

झाला! मास्टरपीस!

घोड्याचे कान पुढे टवकारलेले हवेत, त्याशिवाय परीक्षक बघतसुद्धा नाहीत. आधीचे अकरा फोटो कान पाडून. एकच फ्रेम उरली. मी डाव्या हाताने फाटकन छत्री उघडली. कान उभे राहिले. लगोलग घोडीही उभी राहिली, मागच्या दोन पायांवर. मी क्लिक केलं.

सुंदरराव कडब्याच्या गंजीत पडले. लागलं नाही. मी धावत जाऊन त्यांना सांगितलं की आपण फ्रेमच्या बाहेर अगदी वेळेवर गेलात. यावर ते जे बोलले ते इथे लिहीत नाही, पण छत्री त्यांच्याकडेच आहे.

२२ मार्च, रविवार

भर दुपारी खिडकीला गोधडी लावून रोल धुतला. बारावी फ्रेम: बिजली एकटी, कान टवकारलेले, आयाळ हवेत, मागे फक्त आभाळ. असं काही या जिल्ह्यात आजवर झालेलं नाही.

रोल धुवायला दोन घागरी लागल्या. सत्यभामेला संध्याकाळी कळलं. मी म्हणालो, कलेला पाणी लागतंच. ती उठली. पाण्याच्या खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली मंगळसूत्रात अडकवली.

बोलली असती तर बरं झालं असतं.

२९ मार्च, रविवार

कुत्रा विभाग. हायवेवरच्या तात्याबाच्या ढाब्यावर नवाब आहे. बाप अस्सल कारवानी, शिकारीच्या जातीचा. आई ढाब्याचीच. लांब तोंड, बारीक कंबर, फासळ्या दिसतात. पण कारवानी जातीत त्या दिसायलाच पाहिजेत, दुष्काळाचा संबंध नाही.

उकिडवा बसून पुढे सरकलो, मागे झालो, बाजेखाली वाकलो, शीळ घातली, टाळ्या वाजवल्या, मांजराचा आवाज काढला. नवाबने प्रेमाने पोटरीला दात लावले.

तात्याबा म्हणाला, "फोटुवाले, तो कुनालाच चावत न्हाई. तुमी काय केलं?"

३० मार्च, सोमवार

सरकारी दवाखाना. पोटात इंजेक्शन. एकूण चौदा. शिवाय डॉक्टरांनी सांगितलं, कुत्रा दहा दिवस नजरेखाली ठेवा, जगतो की मरतो ते बघा. तेव्हा सकाळी दवाखाना, दुपारी ढाबा. मी नवाबला बघतो, नवाब मला. तात्याबा दोघांना बघतो.

३ एप्रिल, शुक्रवार

इंजेक्शन पाचवं. नवाब ठणठणीत. मी नाही.

५ एप्रिल, रविवार

सातवं इंजेक्शन घेऊन ढाब्यावर बसलो होतो. सत्यभामा भाकरी घेऊन आली. दवाखान्यापासून माझी खातिरदारी वाढली आहे, कुलूप मात्र तसंच.

म्हटलं, आलीच आहेस तर बघ कसं काम चालतं. कॅमेरा लावला. नवाब गुरगुरला. तिने जरा वेळ बघितलं आणि म्हणाली, "अवो, तुमी इतकं हालता कावून? त्याला वाटतंय तुमी पळालाव. एका जागी ऱ्हावा की." मग बाजेवर बसली आणि त्याला म्हणाली, "बस रे."

तो बसला. तिच्या पायाशी, मान वर करून, थेट माझ्याकडे बघत. इतका वेळ कुणी माझ्याकडे असं शांतपणे बघितलेलं नाही. मी न हलता (पोटामुळे हलताच येत नव्हतं) एक फोटो घेतला.

कुत्र्याचा मूड त्याच क्षणी बदलला, हा योगायोग. अशा क्षणाची वाट बघणं यालाच फोटोग्राफी म्हणतात. घरी येऊन तिला हे समजावलं. ती म्हणाली, "व्हय."

९ एप्रिल, गुरुवार

तात्याबाच्या ढाब्यामागच्या हौदात कुत्र्याचा रोल धुतला. मग प्रिंट. बारा बाय पंधराचे कागद दोनच शिल्लक, नवे औरंगाबादहून आणावे लागतील आणि अर्जाची मुदत १२ तारखेपर्यंत. एक कागद घोडीला, एक कुत्र्याला. चूक करायला जागा नाही. चूक झाली नाही.

नवाबच्या फोटोत कडेला सत्यभामेचा गुडघा येत होता. कापला.

१० एप्रिल, शुक्रवार

प्रिंटवरचं केमिकल धुवायला पाणी भरपूर लागतं. घरी विषयच नाही आणि तात्याबाचा हौद आटला. शेवटी धीर करून सुंदररावांकडे गेलो. त्यांना घोडीचा प्रिंट दाखवला. बराच वेळ बघत राहिले. आपण त्यात नाही हे विसरले असावेत, कारण डोळे पुसले. म्हणाले, "जित्ती हाय रे. ने, किती पायजे तितकं पानी ने."

दोन्ही प्रिंट मनसोक्त धुतले. घोडीच्या छपरात सावली चांगली, तिथेच दोरीवर वाळत घातले. कुत्रा दाराकडे, घोडी घोडीकडे. म्हटलं, तिनेही बघावं.

११ एप्रिल, शनिवार

खाल्ला.

११ एप्रिल, संध्याकाळी

बिजलीने खाल्ला. बारा बाय पंधरा, संपूर्ण. चिमटा सोडला फक्त. सुंदरराव म्हणतात, कडबा पंधरा दिवसांपासून निम्माच देतोय, तिचा काय दोष. शिवाय तिची तब्येत बिघडली तर मला सोडणार नाहीत. तासभर तिच्यासमोर बसून राहिलो. काही झालं नाही. कान टवकारून माझ्याकडे बघत होती, अगदी पाहिजे तसे.

तेरावं इंजेक्शन विसरलो होतो. जाऊन आलो.

१२ एप्रिल, रविवार

शांतपणे विचार केला. घोडीचा फोटो जरा भडकच होता. खरी कला साधेपणात असते. नवाबचा फोटो मी पहिल्यापासून मुख्य मानत होतो. अर्ज भरला, तात्याबाचा अंगठा घेतला, संघात नेऊन दिला.

तात्याबाने विचारलं, घोडीचा फोटो पोचला का? मी म्हणालो, पोचला. खोटं नाही. कुठे, ते त्याने विचारलं नाही.

२४ एप्रिल, शुक्रवार

त्रिंबकचा निरोप: श्वान विभागात पहिला नंबर. पहिला!!

सत्यभामेला म्हणालो, आता क्लार्कचा विषय संपला. ती हसली, मनापासून. कोट उन्हात टाकला. कुलूप स्वतः उघडून मला आंघोळीला आख्खी बादली दिली. भाषण पाठ करतोय. सुरुवात लहानपणापासून आहे.

२६ एप्रिल, रविवार

आजचं थोडक्यात.

मांडवात पहिल्या रांगेत बसलो. कोट, टाय, गळ्यात याशिका, वर फ्लॅश. कॅमेरा शोभेसाठी, आत रोल नाही. आपल्या सत्काराला कुणी रोल भरून जात नाही. सत्यभामा बायकांत बसलेली, नवी नसली तरी निळी साडी.

माईकवर म्हणाले, श्वान विभाग, प्रथम क्रमांक. मी उठलो. व्यासपीठाच्या तीन पायऱ्या चढलो तेव्हा पुढचं ऐकू आलं: "नवाब! मालक, तात्याबा!"

तात्याबा नवाबला घेऊन माझ्या शेजारून वर गेला. त्याला शाल, नवाबला हार. ढाल दोघांना मिळून. त्रिंबकला बाजूला घेतलं. म्हणाला, "दाजी, नऊ नंबरचा नियम वाचला न्हाई का? बक्षीस जनावराच्या मालकाला. काडनाऱ्याचं नाव कुटंच न्हाई." मग माझ्या गळ्याकडे बघून त्याचा चेहरा फुलला. "पर बरं झालं वर आलाव! आपला फोटुग्राफर आला न्हाई. काडा पटापटा."

सगळे उभे होते. मंत्री नव्हते, पण बाकी सगळे होते. नाही कसं म्हणायचं?

काढले. फ्लॅश बावीस वेळा मारला. तात्याबा, नवाब, पाहुणे, परत पाहुणे. सुंदररावांचा चेअरमन म्हणून सत्कार होता, त्यांनी मिशी विंचरून चार पोझ दिल्या. नवाबने प्रत्येक वेळी थेट कॅमेऱ्यात बघितलं, न हलता.

खाली आलो तर सत्यभामा मांडवाच्या खांबाजवळ उभी होती. कोटाची बाही झटकत म्हणाली, "फोटो तुमीच काडला, मला ठावं हाय." मग हळूच, "आत रीळ व्हतं का?"

तिला कसं कळतं, हा प्रश्न मी सोडून दिला आहे.

२९ एप्रिल, बुधवार

रोलला उजेड लागला, असं त्रिंबकला सांगितलं.  म्हणाला, "नंबर नवाबचा आला, तुमचा न्हाई. परवा सकाळी साडेपाचला या दाजी. दूध थांबत न्हाई."

१ मे, शुक्रवार

हजर.

तात्पुरतं आहे. पावसाळा झाला की लग्नं निघतील.

४ जानेवारी १९८८, सोमवार

संघाचं कॅलेंडर आलं. त्रिंबकने केंद्रावर माझ्या टेबलामागे लावलं. छपाई बरी आहे. नवाब जसाच्या तसा. खाली लिहिलंय, 'संघाच्या सौजन्याने'.

सकाळी रांगेत छबुबाई होती. कॅन टेबलावर ठेवून बराच वेळ कॅलेंडरकडे बघत राहिली. मग म्हणाली, "लई ब्येस हाय. कुत्रं असं बघतंय, जसं आपलं मानूस घरी आलंय."

इतके महिने कुणाला म्हणालो नव्हतो. आज म्हणालो, "मी काढलाय तो."

तिने फोटोकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"काडला असंल. पर काल माज्या दुधाची फॅट तुमी तीन लिवली. म्हशीचं दूध हाय ते भाऊसाहेब. आदी ते नीट करा."

वही काढली. बरोबर होतं तिचं. खोडून सहा केली.