कलम तीनमधली खोडाखोड

मी, वय सेहेचाळीस, शिलाई यंत्रांच्या कारखान्यात लेथवर काम केलेली, पुढच्या आठवड्यात पोटाच्या शस्त्रक्रियेला जाणार आहे. डोकं ठिकाणावर आहे, हात थरथरत नाही. धाकटी बहीण घरात असली तरी तिने माझे कान भरलेले नाहीत. तिला जे सांगायचं ते ती मोठ्याने सांगते. अशा स्थितीत, राजीखुशीने, माझ्या पश्चात काय कोणाचं ते लिहून ठेवत आहे.

कलम एक. बँकेतली ठेव आणि दागिने म्हणावेत असं जे काही आहे ते माझ्या मुलीला. यजमान हयात नाहीत. मुलगी दुसऱ्या शहरात शिलाई यंत्रांच्या दुकानात काम करते. तिथे आमचंच यंत्र परदेशी नावाची पट्टी लावून विकतात. कारखाना बंद झाला आणि आमची लेथ मशिनं पेट्यांत भरून त्या परदेशात गेली, तेव्हा त्यांना ग्रीस आम्हीच लावलं होतं. मुलगी म्हणते, "आई, चालतं छान गं, फक्त आवाज जरा जास्त करतं." ते ऐकून मला बरं वाटलं. वाटू नये, पण वाटलं.

कलम दोन. भिंतीवरचं घड्याळ कारखान्याच्या तेव्हाच्या मॅनेजरसाहेबांना परत द्यावं. "बाई, आता सगळं जग एकच बाजारपेठ आहे," असं म्हणून त्यांनी ते निरोपाच्या दिवशी हातात ठेवलं होतं. मागे पाहिलं तर तेही त्याच परदेशातलं. बंद आहे. दुरुस्त करून देऊ नये.

कलम तीन. राहतं घर, म्हणजे दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, मुलीच्या मालकीचं. धाकट्या बहिणीला त्यात तहहयात राहण्याचा हक्क. यापुढे "तिने गोळ्यांची नोकरी सोडल्यास" अशी अट होती. ती खोडली आहे.

खुलासा करणं भाग आहे. सरकारने संरक्षणाचा खर्च वाढवला तसे आमच्या कारखान्याच्या बंद शेडचे दिवे पुन्हा लागले. आता तिथे तोफगोळ्यांची कवचं होतात. बोलावणं मलाही आलं होतं. मी गेले नाही, धाकटी गेली.

आमच्या शेडमध्ये तपासणीत नापास होऊन परत आलेल्या भागाला माहेरवाशीण म्हणायचे. "ताई, तुझी माहेरवाशीण आली गं!" अशी आरोळी यायची. भाग नीट करून पुन्हा पाठवायचा. धाकटी पहिल्याच दिवशी हसत सांगत आली, की गोळ्यांनाही तोच शब्द चालतो. मी म्हटलं, "डागलेला गोळा कुठल्या माहेरी येणार?" त्यावरून आमचं बोलणं बंद झालं.

माझं दुखणं कळलं तशी ती बॅग घेऊन आली. काल ओट्यावर पडलेला हा मसुदा तिने वाचला.

"अट घालतेस? घाल. पण घरात बसून खाऊ काय? तुझी शिलाई यंत्रं परत येणार आहेत?"

"नाही."

"मग? सीमेवर आपली पोरं उभी आहेत, त्यांनी काय सुईदोऱ्याने लढायचं?"

"आणि पलीकडची पोरं?"

ती बराच वेळ एकच पातेलं घासत राहिली. मग म्हणाली, "ते मला विचारू नकोस, ताई. मला सोमवारी तिथे उभं राहायचंय."

नंतर तिने माझ्या पोटाला शेकायला गरम पाण्याची पिशवी आणून दिली.

माझं मत बदललेलं नाही. पण घर म्हणजे तपासणीचं टेबल नव्हे. अट मीच खोडली, कडेला सही केली.

कलम चार. माझा जाडी मोजायचा मायक्रोमीटर धाकटीला. तो तिने त्या शेडमध्ये नेऊ नये. ही विनंती आहे, अट नाही.

कलम पाच. मुलगी असो वा बहीण, या घरी जी परत येईल तिला दारात कारण विचारू नये. आधी आत घ्यावं.

ठिकाण: राहत्या घराचं स्वयंपाकघर
दिनांक: ९ मार्च, रविवार
सही: लिहून ठेवणार

साक्षीदार: १. शेजारच्या नर्सबाई (सही)
२. जुने फोरमन (सही)

बहिणीला हक्क मिळत असल्याने तिची साक्ष चालत नाही, असं वकिलांनी सांगितलं. ती चहा करते आहे.