म्हसोबाची टेकडी आणि मागची अंधारी खोली

लिहून ठेवणार : सोपान हौसराव थोरवे, वय ७६, निवृत्त शिक्षक, रा. शिक्रापूर, ता. शिरूर, जि. पुणे.

मी पूर्ण शुद्धीत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. हे मी कोणाच्याही दडपणाखाली लिहीत नाही. दडपण आणायला आलेल्यांना चहा पाजून परत पाठवले.

१. शिक्रापूरचे घर मी माझ्या पगारातून बांधले. ते मुलगा विक्रम याला. मागची खोली रांजणगावच्या कामगारांना भाड्याने देण्याचा त्याचा विचार आहे. तो त्याने सोडावा. खिडकीला काळा रंग आणि दाराला गोधडी लावून त्या खोलीत मी तीस वर्षे फोटो धुतले. सून सौ. शितल हयात असेतो ती खोली तिच्या एकटीच्या वापरात राहील.

२. मोठा पेटी-कॅमेरा, तिवई, तबके आणि लाल दिवाही शितललाच. लोक कारण विचारतील, म्हणून लिहितो. गेल्या खंडेनवमीला तिने घरातल्या हत्यारांबरोबर माझ्या सामानाचीही पूजा केली. फिल्म उजेडापासून जपण्याच्या आठही चपट्या पेट्या तिने उघडून आतून पुसल्या, वर कुंकू लावले. सोसायटीचा चेअरमन दत्ता नवले याची खोदाई सुरू होण्याआधी मी म्हसोबाच्या टेकडीचे घेतलेले शेवटचे फोटो त्यांत होते. धुतल्यावर सगळ्या फिल्म काळ्याठिक्कर निघाल्या.

विक्रम म्हणाला, "फिल्मच खराब आली आसंल."

शितल दारात उभी होती. "न्हाई आप्पा, म्या उघडल्या व्हत्या."

मी ओरडलो. ती हलली नाही. "वरडा. पन् मला शिकवा, म्हंजी पुन्हा न्हाई व्हायचं."

छत्तीस वर्षांच्या नोकरीत असा विद्यार्थी मला लाभला नाही. आज ती माझ्यापेक्षा स्वच्छ फोटो धुते.

३. आता टेकडीचा पुरावा म्हणून माझी १९९८ सालची एकच निगेटिव्ह उरली आहे. टेकडी राहूच्या वाटेवरच्या आमच्या गायरानातली, म्हणजे साऱ्या गावाची. दत्ताने तिचा मुरूम विकला आणि ग्रामसभेत सांगितले, तिथे टेकडी नव्हतीच. नंतर घरी आला. "मास्तर, सोसायटीच्या हॉलात तुमचा ह्यो फोटो लावू की, मोठ्ठा! फकस्त तेवढी टेकडी जरा पुसा."

मी म्हणालो, "दत्ता, तू जेसीबीनं पुसलीस, आता मी ब्रशानं पुसू व्हय?"

ही निगेटिव्ह शितलची. निगेटिव्हला ब्रश किंवा खरवडायचे पाते लावण्याचा अधिकार कोणालाही नाही, शितललाही नाही. टेकडी कोणी खाल्ली याचे उत्तर मिळेपर्यंत शितलने प्रत्येक ग्रामसभेत तिचा फोटो मांडावा आणि उभे राहून बोलावे. बसवले तर पुन्हा उठावे.

त्याच फोटोची एक प्रत दत्ताला. चौकट त्याने स्वतः करून घ्यावी.

४. पुस्तके मुलगी अनुपमा हिला. ती वाचून वाद घालते, कपाट सजवत नाही.

५. माझ्या शोकसभेत दत्ताने भाषण करू नये. या कागदावर त्याची किंवा विक्रमची हरकत असेल, तर त्यांनी मी जिवंत असताना यावे. मी रोज सकाळी ओसरीवरच असतो आणि मला अजून चांगले ऐकू येते.

ठिकाण : शिक्रापूर
दिनांक : ३ फेब्रुवारी २०२५

(सही) सोपान हौसराव थोरवे

वरील सही आम्हा दोघांसमक्ष झाली :
१. (सही) अयुब रशीद तांबोळी, शिक्रापूर
२. (सही) पार्वतीबाई किसन भोंडवे, राहू