रकाना सात: कडकपणा संपल्याचा दिनांक

(मार्गदर्शकांमार्फत सादर)

प्रति,
मा. अध्यक्ष,
संशोधक विद्यार्थी तक्रार निवारण समिती,
मुख्य इमारत, दुसरा मजला.

विषय: मार्गदर्शक बदलून मिळणेबाबत, तसेच रकाना क्र. ७ भरताना येणाऱ्या अडचणीबाबत.

संदर्भ: आपल्या कार्यालयाचे पत्र, दि. ३ नोव्हेंबर ('अर्ज अपूर्ण असल्याने परत').

महोदय,

सविनय सादर करण्यात येते की, अर्जदार ही वनस्पतिशास्त्र विभागात सहा वर्षांपासून परागकणांवर संशोधन करीत आहे. तिची नोंदणी दि. ३० नोव्हेंबर रोजी सायंकाळी पाच वाजता संपते. तत्पूर्वी हा अर्ज आपल्याकडे पोहोचून मार्गदर्शक बदलून मिळाल्यास नोंदणी एक वर्ष वाढते. न मिळाल्यास अर्जदाराने केलेल्या चारशे बारा काचपट्ट्या नियमानुसार प्रयोगशाळेकडे जमा होतात आणि अर्जदार रिकाम्या हाताने घरी जाते.

अर्जात 'मी' हा शब्द कोठेही आढळणार नाही. मार्गदर्शक मॅडमनी पहिल्या मसुद्यातून तो एकतीस वेळा खोडला. शास्त्रीय लिखाणात 'मी' नसतो, असा त्यांचा शेरा आहे. नियम नऊप्रमाणे संशोधकाचा प्रत्येक अर्ज मार्गदर्शकाच्या सहीनेच पुढे जातो, मग तक्रार मार्गदर्शकाविरुद्ध का असेना. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या, ही म्हण अर्जदाराने तिसऱ्या मसुद्यात लिहिली होती. तिच्यापुढे लाल शाईत 'पुरावा?' असे आले, म्हणून ती म्हण मागे घेण्यात येत आहे.

१. आपल्या विहित नमुन्यातील रकाना सात असा आहे: 'कडकपणा संपून छळ सुरू झाल्याचा दिनांक व वेळ.' तो कोरा राहिल्याने अर्ज परत आला. अर्जदाराने तारीख शोधण्याचा प्रामाणिक प्रयत्न केला, त्याचा तपशील पुढे देत आहे.

२. पहिल्या वर्षी मॅडमनी एकच काचपट्टी अकरा वेळा मोजायला लावली. दर वेळी आकडा वेगळा यायचा. अकराव्या खेपेस अर्जदाराच्या लक्षात आले की कडेचे कण ती दोनदा धरत होती. मॅडमनी आपला डबा उघडून अर्धा तिच्यापुढे सरकवला, इतकेच. हा छळ नव्हता. अर्जदाराला आज जे काही मोजता येते ते त्या अकरा वेळांमुळे, हे लिहिणे तिच्या जिवावर येते, तरी खोटे लिहिता येत नाही.

३. दुसऱ्या वर्षी, विभागासमोर बोलताना, अर्जदाराच्या तोंडून 'अंदाजे तीनशे' असे निघून गेले. मॅडम म्हणाल्या, "अंदाजे? मग तुला पदवीपण अंदाजेच देऊ." सगळे हसले. अर्जदारही हसली, आणि ती हसल्याची नोंद, अर्ज परत करण्यापूर्वी आपण घेतलेल्या सुनावणीच्या टिपणात आहे. त्या दिवसापासून विभागात तिचे नाव 'अंदाजे' पडले, ते कपाटावर आणि हजेरीपटावरही चढले. आईचा फोन आला की "अंदाजे बाहेर गेलीय" असे उत्तर मिळते. आईला वाटते, तिथल्या लोकांना आपल्या मुलीचा नक्की पत्ताच नसतो. आपल्या पत्रावरही 'कु. अंदाजे' असेच आहे. त्याबद्दल तक्रार नाही, पत्र पोहोचले.

४. चौथ्या वर्षी साठ काचपट्ट्यांचा ट्रे मॅडमनी बेसिनमध्ये पालथा केला, कारण लेबले वाकडी होती. लेबले वाकडी होती, हे खरे आहे. दुसऱ्या दिवशी अर्जदाराच्या खुर्चीच्या पाठीवर मॅडमच्या सुंदर अक्षरातले लेबल होते: 'नमुना: संशोधक. अवस्था: सुकलेली. उपयोग: शून्य. जतन आवश्यक नाही.' ते अगदी सरळ चिकटवलेले होते. प्रयोगशाळेतले कोणतेही लेबल मार्गदर्शकाच्या लेखी परवानगीशिवाय काढता येत नाही. अर्जदाराने तीनदा लेखी परवानगी मागितली आणि आठ महिने त्या लेबलाला पाठ टेकून काम केले.

५. पाचव्या वर्षी अर्जदार रडू लागली की मॅडम टेबलावरचे स्टॉपवॉच सुरू करीत आणि मिनिटे प्रयोगशाळा सहायकाकडून वहीत टिपवून घेत. चौदा, नऊ, बावीस. वर्षअखेरीस सर्वांसमोर बेरीज वाचून दाखवली: "एवढ्या वेळात एक प्रकरण लिहून झालं असतं." अर्जदाराने बेरीज तपासली. ती बरोबर होती. सदर सहायक वयस्कर असून त्यांना तीन मुली आहेत. एकदा त्यांनी दोन मिनिटे आधीच घड्याळ थांबवले. त्यांची रवानगी भांडारात झाली व ते अद्याप तिथेच बाटल्या पुसतात.

६. सुनावणीच्या वेळी आपण म्हणालात, "टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही." अर्जदारास ही म्हण मान्य आहे. मात्र टाकीखाली फुटलेल्या दगडांची मोजदाद कोणी ठेवली असल्यास तो आकडाही समितीने मागवावा. अर्जदाराच्या मते खरी तारीख अशी असावी: चूक कुठे आहे ते सांगायचे सोडून, चूक कोण आहे एवढेच मॅडम ज्या दिवशी सांगू लागल्या तो दिवस. दुर्दैवाने तो टिपून ठेवलेला नाही. त्या दिवशी अर्जदार बहुधा काचपट्ट्या धूत होती.

७. हा आठवा मसुदा आहे. आधीचे सात मॅडमनी दर तीन दिवसांनी लाल करून परत दिले. 'भाषा सैल.' 'रडगाणे म्हणजे निरीक्षण नव्हे.' 'वेळ कुठली?' तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. त्यातही बुक्की योग्य जागी बसते. प्रत्येक दुरुस्ती बरोबर होती. सातवा मसुदा पहिल्यापेक्षा पुष्कळच चांगला झाला होता. अर्जदाराला याचीच सर्वांत जास्त भीती वाटते.

तरी विनंती की, रकाना सातमध्ये 'माहीत नाही' हे उत्तर ग्राह्य धरावे. ते नियमात बसत नसल्यास समितीने सहा वर्षांतील सोयीची कोणतीही तारीख स्वतः भरावी, अर्जदार हरकत घेणार नाही. नवीन मार्गदर्शक म्हणून कोणीही चालेल. परागकणांतले काही न कळणारेही चालतील. आणि यापैकी काहीच शक्य नसेल, तर त्या काचपट्ट्या पुढे ज्या कोणाच्या हाती पडतील त्याला कृपया कळवावे की क्र. १ ते ६० या दुसऱ्यांदा केलेल्या आहेत. त्या भरवशाच्या आहेत, आणि लेबले सरळ आहेत.

आपली आठव्यांदा नम्र,
(सही)
संशोधक विद्यार्थिनी, वनस्पतिशास्त्र विभाग
दि. २६ नोव्हेंबर, सकाळी १०

सोबत: विहित नमुना (रकाना सात कोरा), लेबल काढण्याच्या परवानगीसाठीचे तीन अर्ज, अनुत्तरित, मसुदे एक ते सात, लाल शाईसह.

मार्गदर्शकांचा शेरा:

आठवा मसुदा. एकही दुरुस्ती नाही. सहा वर्षांत प्रथमच. अर्जदार अखेर नेमके लिहायला शिकली, हाच तिच्या आरोपांवर माझा खुलासा समजावा. वाचनास वेळ लागल्याने मुदतीनंतर, केवळ माहितीसाठी अग्रेषित. अर्जाच्या प्रती या वर्षीच्या नवीन विद्यार्थ्यांना उत्तम लिखाणाचा नमुना म्हणून वाटल्या आहेत.

(सही)
दि. १ डिसेंबर