मशीनच्या जिभेवरचं कुंकू

अहो, ऐकलंत का,

जन्मभर अशीच हाक मारली, आता तुम्ही मेल्यावर वेगळी कुठून आणू? बोलतेय मी, लिहितेय मनीषा. तुमची सून सारखी हात थांबवते आणि विचारते, "आत्याबाई, हे बी लिहू का?" लिही म्हटलं. एक शब्द गाळायचा न्हाय. गाळून वाचायची सवय या घरात एकालाच होती आणि तो माणूस गेला.

तुमचं वर्षश्राद्ध झालं. पाहुणे जेवून गेले, चांगलं चांगलं बोलून गेले. मग घर आवरताना तुमचा कॉम्प्युटर भंगारात द्यायचं ठरलं. त्यावरून हे पत्र. नाहीतर तुमच्याशी मनातलं बोलणं मी कधीच सोडलं होतं, तुम्ही समोर बसून भाकरी खात होता तेव्हापासून!

ती खंडेनवमी आठवते?

आपली लेक शकू यंत्रमागवाल्यांच्या तेलुगू मुलाशी लग्न करून सुरतेला गेली, त्याला दोन वर्षं झाली होती. "ती आम्हाला मेली," असं तुम्ही दारात उभं राहून सांगितलंत. आम्हाला! मला विचारलं होतंत? मी नुसती आत उभी होते. तिचा फोन आला की तुम्ही ठेवून द्यायचात. पत्र आलं असतं तरी वाचणार तुम्हीच. म्हणून पोरीनं डोकं चालवलं. सुरतेहून येणाऱ्या कुणाच्या तरी हाती बांगडीवालीकडं एक सीडी पाठवली. बांगडीवालीनं माझ्या हातात बांगड्या भरता भरता ती पदराखाली सरकवली. म्हणाली, "मावशी, शकूनं दिलीया. आत तिचं बोलणं हाय म्हणं. तुमच्याच हातात द्यायला सांगितलंय."

मी आठ दिवस ती पिठाच्या डब्यामागं ठेवली. टेपरेकॉर्डर तुम्ही आधीच मोडीत घातला होतात. घरात बोलणारं मशीन एकच, ते तुमचं, रिटायर झाल्यावर आणलेलं. शेवटी धीर करून तुमच्यासमोर धरली.

तुम्ही नको म्हणाला नाहीत. त्या एवढ्याशा गोष्टीवर मी किती हरखले होते, तुम्हाला काय माहीत! सीडी उलटीसुलटी करून बघितलीत आणि म्हणालात, "आधी हिची प्रत काढू. मग ऐकू."

मिलच्या ऑफिसात तुमचा जन्म कार्बन कागदात गेला. प्रत ठेवल्याशिवाय तुमच्या हातून चिठ्ठीसुद्धा सुटायची नाही. मी म्हटलं, "अहो, आधी ऐकू तर द्या की!" तर तुमचं उत्तर ठरलेलं: "घाई करू नकोस. एकच असली आणि बिघडली तर?" मशीनला सीडीचा एकच ड्राइव्ह होता, तो नुसता वाचायचा. लिहिणारा दुसरा बसवायला हवा म्हणालात. पेठेतून आणलात. दुकानदार म्हणाला, माणूस पाठवतो. तुम्ही म्हणालात, मला येतं.

खंडेनवमीला सकाळी पेपर पसरून तुम्ही कॅबिनेट उघडलंत. वरची प्लास्टिकची पट्टी काढून नवा ड्राइव्ह आत सरकवलात, स्क्रू आवळलेत, जुन्याच्याच वायरीचं दुसरं टोक त्याला लावलंत. शेंबडात माशी घुटमळावी तशी मी तुमच्याभोवती घुटमळत होते. पुरणाकडं लक्ष नव्हतं. तुम्ही जुन्या ड्राइव्हचा ट्रे उघडून शकूची सीडी ठेवलीत आणि हात धुवायला गेलात. तो ट्रे पुढं आलेला, प्रसादाला हात पुढं करावा तसा! शस्त्रांची पूजा त्या दिवशी. विळीला कुंकू लावलं, अडकित्त्याला लावलं, तुमच्या पेनाला लावलं. मग माझ्या लेकीचा आवाज ज्यातून येणार, त्याला नको लावायला? हळद-कुंकवाचं बोट त्या ट्रेच्या कडेला टेकवलं, दोन अक्षता ठेवल्या.

तुम्ही आलात, बटण दाबलंत. पडद्यावर चार ओळी आल्या आणि मशीन तिथंच अडलं. पुन्हा लावलंत. पुन्हा तेच. मग तुम्हाला माझं लाल बोट दिसलं.

"काय लावलंस?"

"कुंकू."

"मशीन मारलंस तू! सीडी आत जळाली असणार."

जळाली. मी खरंच मानलं. त्या दिवशी पुरणपोळी तुम्ही खाल्लीत, मी नाही. तुम्ही मशीनवर चादर टाकलीत आणि विषय मिटवलात.

मिटवलात कुठला! शेजारीपाजारी चहाला आले की तुमचा आवडता किस्सा सुरू. "आमच्या मंडळींनी कॉम्प्युटरला कुंकू लावून मोक्षाला धाडला!" सगळे हसायचे. मीही चहा ओतत हसायची. माझ्या लेकीचा आवाज माझ्या बोटानं जाळला, आणि मी हसायची. दर दसऱ्याला. मोजून सांगा बरं, किती दसरे?

परवा मनीषा म्हणाली, भंगारवाला यायच्या आत जुने फोटो निघतात का बघते. तिनं झाकण काढलं, धूळ पुसली, बॅटरी लावून आत डोकावली आणि हसलीच. मी विचारलं, "काय गं?"

"आत्याबाई, एका वायरीवर दोन ड्राइव्ह असले की एकानं पुढं व्हायचं आन् दुसऱ्यानं मागं ऱ्हायचं असतंय. मागं बारकी टोपी असती, ती कुटं बसवली त्यावरनं ते ठरतंय. मामंजींनी दोघांनाबी पुढंच ठेवलंय. दोघं एकदम बोलायला लागले, मशीनला कुणाचंच कळंना. कुंकवाचा काय संबंध न्हाय."

मी म्हटलं, "अगं, दुसऱ्याला मागं ठेवायला तर ते कधी चुकले न्हाईत. हितंच कसे चुकले?"

मनीषा हे लिहिताना हसतेय. मी हसत नाही.

कारण तेवढ्यावर मी तुम्हाला माफ केलं असतं. चूक कुणाची होत नाही? पण तिनं तुमचा खण उघडला. नव्या ड्राइव्हच्या खोक्यातला कागद तिथं होता, घडी घालून, चष्म्याच्या घरात. त्यावर त्या टोपीचं चित्र. आणि चित्राखाली तुमची लाल पेन्सिलीची रेघ, दोनदा ओढलेली. मला अक्षर येत नाही, पण तुमची लाल रेघ मी पन्नास वर्षं बघितलीय. हिशेब चुकला की अशीच ओढायचात.

म्हणजे तुम्हाला कळलं होतं! कधी कळलं? दुसऱ्या दिवशी? दुसऱ्या वर्षी? एक टोपी काढून इकडची तिकडं बसवायची, चिमट्यानं, मनीषाला लागला तेवढाच वेळ. का नाही केलंत? बायकोसमोर "माझं चुकलं" म्हणावं लागलं असतं म्हणून? की शकू काय बोलली असेल याची भीती वाटली? तीन वेळा विचारलं मी त्या कागदाला. तोही तुमच्यासारखाच, घडी घालून गप्प.

मनीषानं टोपी बदलली, मशीन चालू केलं. ट्रे पुढं आला. कडेला माझं कुंकू वाळून काळं पडलेलं, एक अक्षत चिकटलेली. आणि सीडी धड. कुठं काही जळालं नव्हतं.

ऐका आता. तुम्ही ऐकायचं टाळलंत ते मीच सांगते. ती म्हणाली, "आई, तुला वाचता येत नाही म्हणून बोलते. बाबा, तुम्हीबी शेजारी बसला असाल, बसा, मला राग न्हाय." तुमचं नाव घेतलं तिनं, ऐकलंत? मग म्हणाली, "आई, मला दिवस गेलेत. माघात बाळंत होईन. हितं माझं कुणी न्हाय. भाऊबीजेला मी सोलापूर स्टेशनवर येते. घरी न्हाय येणार. तू फकस्त स्टेशनवर ये, तिथनं तुला घेऊन जाते."

त्या भाऊबीजेला मी काय करत होते? तुमच्यासाठी शेंगा भाजत होते. स्टेशन घरापासून रिक्षानं दहा मिनिटं!

बांगडीवालीच्या लेकीकडून मनीषानं नंबर मिळवला. फोन लावून माझ्या कानाशी धरला. शकू म्हणाली, "आता आठवण झाली व्हय? तीन गाड्या सोडल्या मी त्या दिवशी. पोटात पोर घेऊन बाकावर बसले होते." तुमची नात कॉलेजात जाते म्हणे. फोनवर मला "आज्जी" नाही म्हणाली, "नमस्ते" म्हणाली. परक्या बाईला म्हणतात तसं.

आणि तरी तो दुसरा ड्राइव्ह तुम्ही तिच्याच आवाजाची प्रत काढायला आणला होतात. हेच मला गिळवत नाही. नुसते दुष्ट असता तर बरं झालं असतं. शिव्या देऊन मोकळी झाले असते. माहेरच्या कानडीत म्हणतात तसं, साकु. पुरे झालं.

प्रत निघाली. मनीषानं काढली, तुमच्याच ड्राइव्हवर. ती घेऊन पुढच्या आठवड्यात मी सुरतेला निघालेय. शकू स्टेशनवर येईल की नाही, बोलली नाही. नाही आली तर मी बाकावर बसेन. तीन गाड्या सोडेन, चार सोडेन. आणि आली तर तिला सगळं सांगेन, लाल रेघेसकट. इतकी वर्षं जगाला तुमची बाजू मीच सांगितली. तिला ती बाजू सांगणार नाही, हे तुम्हाला वचन.

आणखी एक. मशीन भंगारात जाणार नाही. येत्या खंडेनवमीला तो ट्रे उघडून मी पुन्हा कुंकू लावणार. बायका म्हणतील, विधवेनं कुंकवाला हात लावू नये. लावणार. मग तुमच्या किश्श्याला हसलेल्या सगळ्या शेजाऱ्यांना चहाला बोलावणार, आणि शकूचा आवाज लावणार. बघू कोण हसतं.

मनीषा म्हणते, "आत्याबाई, खाली तुमचं नाव लिहू?" नको म्हटलं. खाली कुंकवात बुडवून अंगठा उठवलाय. ओळखाल तुम्ही. मशीन मारणारा हात हाच.

शकूची आई