तीन डिसेंबरचा दगड

१४ नोव्हेंबर
तातेरावला तिथंच झापायला हवं होतं. जमलं नाही! आमच्या हसनाबादच्या ग्रामपंचायतीसमोर बसवायचा दगड त्यानं कोरून आणलाय — 'दुसऱ्या महायुद्धात अरबी समुद्रात जर्मन पाणबुडीच्या हल्ल्यात वीरमरण, ३ डिसेंबर'. नाव एकच. त्याच्या आजाचं, भुजंगरावांचं. माझे पणजोबा पुंजाराम त्याच जहाजावर फौजी होते, तेही बुडाले. म्हटलं, जागा आहे, एक ओळ वाढवा. तर सगळ्यांदेखत म्हणतो, "पुरावा आना, मास्तर. हवेत बोलून काय व्हतंय?"

आणतो. आधी तुझाच काढतो.

१९ नोव्हेंबर
शाळा सुटली की मोबाइल. कोणत्या पाणबुडीनं कोणत्या दिवशी कुठं काय बुडवलं, सगळं इंटरनेटवर पडलंय. जर्मन येत नाही, तारखा तर कळतात. प्रिया चहा आपटून म्हणाली, "पणजोबा शोधून राह्यले का भांडन?" बायकोपासून काही लपत नाही.

२३ नोव्हेंबर
सापडलं! तीन डिसेंबरला अरबी समुद्रात एकही जहाज बुडालेलं नाही. त्या भागातली एकुलती एक पाणबुडी दुरुस्तीला बंदरात बांधलेली! मग तातेरावचा वीर बुडाला कुठं — गावच्या विहिरीत?

३० नोव्हेंबर
ग्रामसभेत कागद वाचून दाखवला. विहिरीचंही बोललो. लोक खो खो हसले. तातेरावचं तोंड एवढंसं झालं. मीच ठराव मांडला — खोटा दगड नको, फोडून रस्त्याला खडी करा. मंजूर! लई दिवसांनी पोटभर जेवलो.

२ डिसेंबर
दगड फोडला. मी बघायला गेलो होतो.

३ डिसेंबर
सकाळी दारात चतुराबाई. तातेरावची आत्या, भुजंगरावांची लेक, पंच्याऐंशीची. बसा म्हटलं, बसली नाही.

"मास्तर, ह्या दिशी घरी तार आल्ती. बाप कव्हा बुडाला ते कुनाला म्हाईत? मंग तारंचाच दिवस श्राद्धाला धरला. आत्ताच पान वाढून आले."

आमच्याकडं श्राद्ध कुणी घालत नाही. मला सुचणार कुठून? पण विचारायला काय झालं होतं! ती गेल्यावर स्वतःचाच संताप आला.

४ डिसेंबर
तारखा मागे मागे नेल्या. सदतीस दिवस आधी एक जहाज बुडालंय. मेलेल्यांची यादी उघडली. भुजंग, हसनाबाद. लगेच खाली पुंजाराम, हसनाबाद.

आता तातेरावच्या दारात कोणत्या तोंडानं जाऊ?